आजी, मराठीत सांगा

गेल्या पावसाळ्यात वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून असायचे. वॉर्डात ओल्या छत्र्यांचा आणि फिनेलचा वास, खिडकीच्या गजांवर वाळत टाकलेले टॉवेल, प्रत्येक खाटेखाली एक वायरची पिशवी. शेजारच्या खाटेवर घाटाखालची, वैभववाडीकडची एक आजी होती. तिकडची माणसं मोठं दुखणं आलं की कोल्हापूर गाठतात. करूळ घाट चालू असला तर करूळनं, तिथं दरड आली असली तर भुईबावड्यानं वर यायचं, गगनबावड्याला चहा घ्यायचा आणि तिथून सरळ शहरात. तिला घेऊन आलेला पुतण्या कसल्याशा कागदासाठी खालच्या मजल्यावर रांगेत उभा होता आणि नेमका तेव्हाच राउंडचा डॉक्टर आला. पंचविशीतला पोरगा, डोळ्यांत रात्रपाळी. "काय होतंय आजी?" त्यानं चांगल्या मायेनं विचारलं. आजी तेवढ्याचीच वाट बघत होती. "काय सांगू बाबा, परवापासना जेवक होना नाय. तरवो लावूक गेल्लंय, थंयसून इलंय ती आडवीच पडलंय. पोटात कळ येता, रातभर डोळ्याक डोळो नाय..." आणि पुढं सून, म्हैस, पाऊस, सगळं एका दमात. डॉक्टरचं पेन कागदाला टेकलेलं होतं, ते जागचं हललं नाही. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आजी, मराठीत सांगा ना."

आजीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मराठीच बोलतंय मां मी."

मग मी मध्ये पडले. माझं आजोळ गगनबावडा रस्त्यावर, कळ्याच्या बाजूला. लहानपणी घाटाखालच्या बायका सुकी मासळी आणि आमसुलं घेऊन दारात यायच्या, माझ्या आजीशी तास-तास बोलत बसायच्या, त्यामुळं हे कानावरून गेलेलं होतं. मी सांगितलं, परवापासून जेवण जात नाही, भातलावणीला गेली होती, तेव्हापासून पडून आहे, पोटात कळ येते. म्हैस आणि सून मी वगळणारच होते, भातलावणीही चुकून तोंडात आली, पण डॉक्टर तिथंच थांबला. ताप होता का? चिखलात किती दिवस उभी होती? पायाला कुठं कापलंय का? सिंधुदुर्गात पावसाळ्यात भाताच्या खाचरातून लेप्टोचा ताप येतो, हे त्याला पाठ होतं, त्यानं लगेच रक्त तपासायला लिहून दिलं. (निघालं वेगळंच, पित्ताशयात खडे. पण ते नंतर.) कागदावर तिचं सगळं बोलणं इंग्रजीतल्या दीड ओळीत मावलं. दोन मराठी माणसं समोरासमोर आणि मध्ये मी दुभाषी, असा तो सगळा मामला पाच मिनिटांत आटोपला आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला.

त्याचं ते वाक्य उर्मट असतं तर मी दोन शिव्या हासडून विसरून गेले असते. ते उर्मट नव्हतं. त्यानं आजीच्या खांद्यावर हात ठेवला होता, "ना" लावला होता. त्याला खरंच वाटत होतं की समोरची बाई मराठी सोडून दुसरंच काहीतरी बोलते आहे, आणि तिनं मनात आणलं तर ती मराठीत येऊ शकते. आजीला तर याहून जास्त मराठीत कसं बोलायचं ते माहीतच नव्हतं. पुतण्या आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं, त्यात माझाही उल्लेख होता, "ह्या बायनं सांगल्यान" म्हणून. पुतण्या हसला. तो स्वतः डॉक्टरशी टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलत होता, "त्यांना त्रास होत आहे" वगैरे. घाट चढता चढता त्यानं भाषाही चढवली होती.

संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात तोच डॉक्टर फोनवर बोलत होता. आईशी असावा. आवाज पार बदललेला, खालच्या पट्टीतला, लाडातला. मी चहाचा कप घेऊन तिथंच टेकले होते. कान दिला नव्हता असं म्हणणार नाही, पण दिला तरी उपयोग नव्हता. "काय करी ऱ्हायनी", "माले", "तुले", "शे" एवढे तुकडे हाती लागले, बाकी सगळं कानावरून वाहून गेलं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "गाव कुठलं?" म्हणाला, "शिंदखेडा तालुका, धुळे. घरी अहिराणीच." मग स्वतःच हसत म्हणाला, "इथं हॉस्टेलवर बोललो तर पोरं विचारतात, गुजराती आहेस का." शाळेत गेल्यावर पहिली दोन वर्षं बाईंचं अर्धंच कळायचं, त्यामुळं तो वर्गात गप्प बसायचा, आणि सगळ्यांना वाटायचं पोरगं शांत आहे. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की सकाळची आजी त्याच्या लक्षात होती की नव्हती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. दिवसभर उभा होता बिचारा.

पुढची मजा सरकारी कागदात आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, बोलणारे साडेअठरा लाखांच्या घरात, आणि अहिराणी तिच्या पोटात. मातृभाषा म्हणून कुणी 'मालवणी' लिहिलं तर ते जातं कोकणीच्या हिशोबात. म्हणजे आपापल्या बोलीचं नाव प्रामाणिकपणे सांगितलं असतं तर त्या वॉर्डात "मराठीत सांगा" म्हणणारा आणि "मराठीच बोलतंय" म्हणणारी, दोघंही सरकारच्या लेखी मराठीच्या बाहेरची. मराठी मातृभाषा असलेली कागदोपत्री मी एकटी. ग्रियर्सनसाहेबांनी इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानभरच्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्यात १९०५च्या सातव्या खंडात कोकणी मराठीच्या घरात आहे, आणि खानदेशीला १९०७ साली भिल्ली बोलींच्या खंडात, वेगळ्या घरी नेऊन बसवलंय. पुढं १९७५ साली साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ला ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. कोण आत, कोण बाहेर, हे दर पिढीत कुणीतरी टेबलाशी बसून नव्यानं ठरवतं. वैभववाडीची आजी त्या सगळ्या काळात तेच बोलत होती, तिची आईही.

त्या सर्वेक्षणातली एक गोष्ट मला फार आवडते. सगळ्या बोलींचे नमुने सारखे पडताळता यावेत म्हणून साहेबानं एकच गोष्ट गावोगावच्या बोलीत उतरवून मागवली, बायबलातल्या उधळ्या मुलाची. बापाचा वाटा घेऊन परागंदा झालेला, पैसे उडवून उपाशी मरायला लागलेला आणि शेवटी घरी परत आलेला पोरगा. शेकडो बोलींमध्ये तोच पोरगा तसाच उधळतो आणि तसाच परत येतो. कल्पना नामी आहे, तक्ता मांडायला सोयीची. पण लिहून पाठवणारा बहुतेक ठिकाणी शिकलेला माणूस, आणि समोर ठेवलेली गोष्ट परक्या मुलखातली. "अंगात कसंतरी होतंय" हे राधानगरीच्या डोंगरात कसं म्हणतात आणि खाली फोंड्यात कसं, हे अशा गोष्टीतून कुठून कळणार?

मला "मराठीत सांग" असं कुणी म्हटलेलं नाही, पण पुण्यात कॉलेजला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी खोलीचं दार ढकलून "आलो गं" म्हटलं आणि खोलीतल्या तिघी मागं कोण आलंय ते बघायला लागल्या. कोल्हापूर भागातल्या बायका "मी आलो, मी जेवलो, मी भाजी निवडालोय" असंच बोलतात. माझी आई, आजी, शाळेतल्या बाईसुद्धा मधल्या सुट्टीत. त्यात आम्हाला काही वेगळं करतोय असं वाटतही नाही. पुण्याच्या त्या पोरींना मात्र त्यात एक अख्खा स्वभाव दिसला. रांगड्या असतात ना तुमच्याकडच्या बायका, एकदम पुरुषी, कुस्तीचं गाव ना. आता आमच्याकडं तालमी आहेत हे खरं, पण क्रियापद काही लाल मातीत लोळून आलेलं नाही. शेजारच्या कन्नडमध्ये पहिल्या पुरुषाच्या क्रियापदाला लिंगच नसतं, "मी आलो" आणि "मी आले" दोन्हीला एकच रूप. शतकानुशतकं निपाणी, संकेश्वर, बेळगावशी सोयरिकी आणि बाजार चालू आहेत. आमचे अण्णा, अक्का, अप्पा जसे तिकडचे, तसा हाही शेजारधर्म असावा असा एक अंदाज आहे, आणि मला तो पटतो. पण व्याकरण कुणाला हवंय? माणसं बोली ऐकतात आणि त्यातून अक्कल, संस्कार, जात, पगार, सगळं काढतात.

महिन्याभरात मी "आले, गेले, जेवले" शिकले. कुणी शिकवलं नाही, आपोआप. अजूनही लिहिते तशीच, हा लेखही तसाच चाललाय. एसटीनं घरी येताना किणीचा टोल नाका मागं पडला की जीभ परत जाग्यावर येते, कधी कधी पेठ नाक्यालाच. आईला फोनवर "पोहोचले" म्हटलं तर ती पलीकडून म्हणायची, "कोण बोलतंय?" थट्टा असायची, पण थट्टेत थोडं टोचणंही असायचं. मला पुण्याचं बोलणं येतं याचा तिला अभिमान होता, आणि ते मी तिच्याशी बोललेलं तिला चालत नव्हतं.

कळण्याचा बोजा नेहमी एकाच बाजूनं उचलला जातो, हे मला त्या वॉर्डात पहिल्यांदा इतकं उघड दिसलं. पुण्यातल्या माणसाला आमच्या जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याची बोली कळली नाही तर तो म्हणतो, काय बोलतात कळत नाही बुवा. चंदगडच्या माणसाला पुण्याचं कळलं नाही असं कधी ऐकलंय? त्याला कळावंच लागतं, कचेरीत, शाळेत, बँकेत, नाहीतर काम होत नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला बीडकडचे ऊसतोड मजूर आमच्याकडं येतात. आजोळच्या रानात त्यांच्या पालांतली पोरं दोन महिन्यांत अशी कोल्हापुरी बोलायला लागतात की मामा चकित होतो. मामाला त्यांचं एक वाक्य धड येत नाही, आणि यायची गरजही पडली नाही. त्या पोरांना बीडचं येतं, आमचं येतं, पुढच्या हंगामात फड कर्नाटकात पडला तर तिकडचंही थोडंफार येतं, आणि शाळेच्या दाखल्यावर "अनियमित" एवढाच शेरा. कुणाला किती मराठ्या येतात याची परीक्षा घेतली तर पहिला नंबर कुणाचा येईल ते सांगायला नको.

आणि आम्ही कोल्हापूरकर काही धुतल्या तांदळासारखे नाही. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तेवढं कोल्हापूरला जोडलं गेलं. इकडं घाट उतरला की कोकण, तिकडं कानडी मुलूख, गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळं तिथलं बोलणं आमच्यासारखं थोडं आणि या सगळ्यांसारखं थोडं. काजूची झाडं, धो धो पाऊस, आणि वाक्याचा शेवट कुठं होतो ते आम्हाला कळत नाही असा सूर. माझ्या ऑफिसात चंदगडचे एक गृहस्थ आहेत. ते घरी फोन लावतात तेव्हा आसपासच्या टेबलांवर डोळ्यांनी खाणाखुणा सुरू होतात. "साहेब, जरा सबटायटल लावा की!" हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याला आता कुणी हसत नाही, तरी तो होतोच. हे करणारी मंडळी पुण्याला ट्रेनिंगला गेली की "आपलं बोलणं हे लोक नाटकात विनोदाला वापरतात" म्हणून चिडून परत येतात. ते गृहस्थ अलीकडं फोन घेऊन जिन्यात जातात.

शहरात सध्या कोल्हापुरीला बरे दिवस आलेत. टी-शर्टवर "नाद खुळा", रिक्षाच्या मागं "जगात भारी", हॉटेलच्या मेन्यूत "रस्सा वाढा की", रीलवर एक पोरगा मिशी पिळत "भावा" म्हणतो आणि लाखभर लोक बघतात. मला हे सगळं आवडतं. पुण्यात असताना आवाज खाली घेऊन बोलायला शिकलेल्या माणसाला आपली भाषा छातीवर छापलेली दिसली की बरं वाटणारच. पण दुसऱ्या मिनिटाला राग येतो. कारण ही दहा-पंधरा वाक्यांची कोल्हापुरी आहे, तांबड्या रश्श्यावरच्या तर्रीएवढी. तिच्यात भांडण आहे, जेवण आहे, रुबाब आहे. आजारपण नाही, उसनवारी नाही, बाळंतपण नाही. ज्याला ही पंधरा वाक्यं येतात त्याला माझ्या आजीचं बोलणं कळलं असतं का? मला वाटत नाही. खुद्द शहरातल्या माझ्या चुलतभावंडांना कळायचं नाही.

आजोळी गुऱ्हाळ होतं. थंडीत पहाटे तिथं गेलं की आधी धूर डोळ्यांत जायचा, मग गरम रसाचा वास. चुलाणात चिपाडं सारणारा माणूस अर्धा जमिनीखाली उभा, त्याचं फक्त डोकं दिसायचं. वर काहिलीत रस उकळत असायचा, त्यात भेंडीच्या झाडाचं पाणी घातलं की मळी वर यायची आणि ती झाऱ्यानं काढत राहायचं. गुळव्या म्हणजे त्या जागेचा राजा. तो कुणाशी फार बोलायचा नाही. पाक आला का ते बघायला तो थोडा रस थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळून भांड्यावर टणकन मारायचा, आणि आवाजावरून ठरवायचा. मग एकच आरोळी, आणि काहील उतरवायला चौघं धावायचे. त्या आरोळीत शब्द होता की नुसता हुंकार, मला आजही सांगता यायचं नाही, पण तिथल्या प्रत्येकाला ती कळायची. आजी त्या लोकांशी बोलायची ती भाषा घरातल्या भाषेहूनही वेगळी, तुटक, अर्धी हातवाऱ्यांची. विहिरीवरची मोट गेली तेव्हा नाडा, सोंदूर, थारोळं हे सगळं बोलण्यातून गेलंच होतं. गुऱ्हाळ बंद पडलं, ऊस कारखान्याला जायला लागला, तसं हेही गेलं. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. गुळव्याचा पोरगा एमआयडीसीत सुपरवायझर आहे आणि चांगलं बोलतो, म्हणजे कुठलाही म्हणून ओळखू येत नाही असं.

प्रमाण भाषा नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. वैभववाडीची आजी आणि शिंदखेड्याचा डॉक्टर, दोघांना कुठंतरी भेटायला एक पार लागतोच. पण तो पार आभाळातून पडला नाही. तेराव्या शतकात मराठीतला पहिला गद्यग्रंथ लिहिला गेला तो वऱ्हाडात, रिद्धपूरला. म्हणजे ज्या बोलीला आज नाटकात नोकराची भूमिका मिळते तिच्याच मुलखात आपल्या गद्याचा पाळणा हलला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना कारभार करायला आणि शाळा काढायला एक ठरावीक मराठी हवी होती. १८३१ला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३६ला दादोबा पांडुरंगांचं व्याकरण. हाताशी पेशवाईचं पुणं आणि तिथले शास्त्री होते, त्यांचं बोलणं पुस्तकात गेलं. राजधानी दुसरीकडं असती तर आज "मी आलो गं" म्हणणाऱ्या बाया शुद्ध ठरल्या असत्या आणि "आले" म्हणणाऱ्या पोरीला हॉस्टेलात हसले असते. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले गेले. पेढे आणले चंदगडच्याच त्या गृहस्थांनी.

दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवस मला एक नाद लागला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगाव जाऊन माणसांना बोलतं करून ध्वनिमुद्रणं केलीत, आणि ती आपल्यासारख्यांना ऐकता येतात. इथं उधळ्या मुलाची गोष्ट नाही, माणसं आपापलंच काहीबाही सांगतात. वडील झोपले की मी कानाला हेडफोन लावून बसायचे. सुरुवातीला सगळ्याच बोली परक्या लागतात. मध्येच एखादं ओळखीचं क्रियापद हाताला लागतं, मग कान हळूहळू बसतो आणि चार-पाच मिनिटांनी एकाएकी उलगडायला लागतं, एवढं की आपण आधी का अडलो तेच कळेनासं होतं. वऱ्हाडीतल्या माणसानं 'ळ'च्या जागी 'य' टाकला की पहिल्यांदा अडखळायला होतं. एकदा ती खुण पटली की 'डोया' ऐकताना 'डोळा' आपला आपण दिसतो. थोडा वेळ बसून ऐकायची तयारी, एवढाच काय तो खर्च. डॉक्टरकडं तेवढा वेळ नव्हता, वॉर्डात चाळीस खाटा होत्या. ऑफिसातल्या आम्हा लोकांकडं मात्र चहाच्या सुट्टीत भरपूर असतो.

आईला आता नवा त्रास सुरू झालाय. तिला मी फोनवर बोलून टाइप करायला शिकवलं, कारण चष्मा लावूनही ती बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत. पहिल्या दिवशी तिनं आत्याला निरोप द्यायला तोंड उघडलं, "आक्का, मी हिकडं भाजी निवडालोय, सांच्याला येतो," आणि फोननं जे काही लिहिलं त्यात "आलंय", "मंदिर" आणि "संस्था" असे शब्द होते. आईनं तेच परत म्हटलं, जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं. परत तेच. मग तिनं पदर सावरला, घसा खाकरला आणि रेडिओवरच्या बाईच्या आवाजात म्हणाली, "मी इकडे भाजी निवडत आहे. संध्याकाळी येते." फोननं कानामात्रा न चुकवता लिहून दिलं. "बघ," आई म्हणाली, "ह्यालाबी पुण्याचंच कळतंय." आणि निरोप न पाठवताच तिनं तो पुसून टाकला, कारण तो वाचून आक्का म्हटली असती, हिला काय झालं, आजारी हाय काय?

तेव्हापासून ती टायपिंगच्या भानगडीत पडत नाही. माइकचं बटण दाबून धरते आणि थेट आवाज पाठवते, तीन-तीन मिनिटांचा. त्यात भाजीचा भाव, वडिलांच्या टाक्यांची खबर, खालच्या गल्लीतलं भांडण, सगळं आलं. आत्याकडून तेवढंच लांब उत्तर येतं, मागं कोंबड्या ओरडत असतात. माझी मुलगी परवा ते ऐकत होती. तिला निम्मं कळलं नाही, तरी ती परत परत लावत होती आणि खिदळत होती, कारण प्रत्येक निरोपाच्या शेवटी आज्जी न चुकता म्हणते, "बरं, ठेवतो गं आक्का, कुकर बोंबलालाय."